फोंड्याच्या घरातल्या रेकॉर्ड्स: काय ठेवायचं, काय सोडायचं?

अंत्रुजकर

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

फोंड्याजवळचं आमचं जुनं घर आम्ही भावंडांनी दुरुस्तीला काढलंय. कौलं उतरवून वासे बदलायचे आहेत आणि मिरगाच्या आत छप्पर परत चढलं पाहिजे. माळ्यावर आमच्या थोरल्या काकांच्या रेकॉर्ड्स आहेत. काका पोर्तुगीज अमदानीत पणजीला फाझेंदात (सरकारी खजिन्याच्या खात्यात) कारकून होते, लग्न केलं नाही, पगार उरला की रेकॉर्ड घेतली. एकूण नऊशेच्या आसपास भरतील.

वरवर पाहिलं त्यावरून चार ढीग दिसतात.

पहिला, ७८ आरपीएमच्या जड तबकड्यांचा. अंदाजे तीनशे. नाट्यपदं, भावगीतं, थोडं शास्त्रीय. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, काही 'यंग इंडिया'च्या. दुसरा एलपींचा (मोठ्या लाँग-प्ले रेकॉर्ड्सचा), पाचशेच्या घरात: हिंदी सिनेमा सर्वांत जास्त, मग मराठी नाट्यसंगीत, मग सतार-सरोद. तिसरा लहान ४५च्या रेकॉर्ड्सचा, त्यात बहुतेक कोंकणी गाणी, मडगावहून आणलेली. चौथा अगदी छोटा: लिस्बनहून आलेल्या, आमालिया रॉद्रिगिश या गायिकेचे फाद (पोर्तुगीज गाण्याचा प्रकार) वगैरे. पोर्तुगीज वाचणारं आता घरात कुणी उरलेलं नाही.

सोबत एक चावीचा ग्रामोफोन आहे (चावी फिरते, स्प्रिंग धरते) आणि सत्तरच्या दशकातला एक पेटीसारखा रेकॉर्डप्लेअर, तो मुका झालाय.

सगळं ताळगावच्या फ्लॅटमध्ये न्यायचं म्हटलं तर आमच्या हॉलमध्ये माणसांनी कुठे बसायचं हा प्रश्न आहे. मुंबईचा एक व्यापारी 'सरसकट लॉट' घ्यायला तयार आहे. पुतण्याला त्यातून भिंतीवरची घड्याळं करायची आहेत. तूर्त त्याला माळ्यावर बंदी आहे.

माझं मत एवढंच बनलंय की सगळं ठेवणं म्हणजे काहीच न ठेवणं. नऊशे रेकॉर्ड्स खोक्यांत भरून दुसऱ्या माळ्यावर टाकल्या तर त्या आमच्या मुलांच्या डोक्यावर पडतील, बस. निवड करायचीय. पण कशाच्या आधारे? आणि निवडलेलं गोव्याच्या पावसात टिकवायचं कसं?

---

रानजाई

वाचतेय. काकांनी यादी ठेवली होती का?

---

अंत्रुजकर

@रानजाई, हो! एक लांबट हिशेबाची वही आहे. १९७४पर्यंतच्या नोंदी आहेत: तारीख, कुठून घेतली, किंमत. पुढच्या रेकॉर्ड्स नोंदलेल्या नाहीत. आणि गंमत म्हणजे काही ओळींसमोर फक्त एक फुली आहे. त्या फुटलेल्या असाव्यात किंवा कुणीतरी नेऊन परत न दिलेल्या. दुसरी शक्यता जास्त वाटते, आमच्या नातेवाइकांना ओळखतो म्हणून.

---

सुईदोरा

माझा धंदा जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचा, त्यामुळे आधी हलवण्याबद्दल सांगतो, निवडीचं नंतर बघू. घाईत निम्मं नुकसान इथेच होतं.

७८च्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख, दगडाची पूड, काजळी. बांगडीसारख्या ठिसूळ. एलपी प्लास्टिकची, ती हातातून पडली तर बहुधा वाचते. ७८ वाचत नाही. म्हणून दोन्ही एका खोक्यात कधीच भरायच्या नाहीत. ७८साठी लहान खोकी घ्या, एकात वीस-पंचवीसच्या वर नकोत, उभ्या ठेवा, मधल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा. आडव्या थप्पीत नेल्या तर खालच्या तडकतात. दहा इंची आणि बारा इंची वेगळ्या, नाहीतर मोठीची कड लहानीवर दाब देते.

वजनाचा अंदाज आधीच घ्या. कव्हरसकट एलपी पाव किलोच्या जवळ जाते. तुमच्या पाचशे म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास, त्यावर ७८ आणि ४५. सगळं मिळून दोनशे किलोच्या घरात. पुस्तकांचं हलकं प्लायचं शेल्फ वर्षभरात मधोमध वाकतं. जाड फळी लावा आणि दर फूट-दीड फुटावर उभा आधार द्या.

आणि गाडी. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत खोकी ठेवून जेवायला जाऊ नका. एलपी तापली की ताटलीसारखी वाकते. लोक काचांमध्ये दाबून सरळ करायला बघतात. वर वर सपाट दिसली तरी आतली रेघ बिघडलेली राहते.

चावीच्या ग्रामोफोनवर एलपी चुकूनही लावू नका. त्याच्या मुंडीचं वजनच शंभर ग्रॅमच्या वर. चांगल्या आधुनिक यंत्राची सुई दीड-दोन ग्रॅमनेच टेकते. एलपी एका फेरीत सोलून निघेल. आणि ७८साठी पोलादी सुई वापरायची तर एका बाजूला एक. दुसरी बाजू लावताना नवी सुई. हे जुन्या लोकांना पाठ होतं, सुयांच्या डब्या काय शोभेच्या नव्हत्या.

---

दुपारची झोप

उत्तम धागा. फक्त हमाल १ ते ४ मिळणार नाहीत हे गृहीत धरा.

---

रानजाई

@सुईदोरा, धुण्याचं सांगा ना. आमच्याकडच्या एलपींवर पांढरे ठिपके आलेत, पुसून जात नाहीत.

---

सुईदोरा

@रानजाई, बुरशी. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. रेकॉर्ड संग्रहालयवाले चाळीस-पन्नास टक्के मागतात. म्हणजे आपण जे काही करतो ते तडजोडच.

बुरशी आलेली रेकॉर्ड वाजवायची नाही. सुई ती घाण दाबून रेघेत बसवते. आधी बाहेर अंगणात, नाकाला फडकं बांधून, मऊ ब्रशने कोरडी झाडा. एलपी असेल तर डिस्टिल्ड पाणी, त्यात थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वास नसलेल्या साबणाचा एखादा थेंब, रेघांच्या दिशेने गोल पुसा, परत साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, उभी वाळवा. लेबल भिजू देऊ नका.

७८ला अल्कोहोल अजिबात नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिश कशात कालवतात ते आठवा. तिथे फक्त डिस्टिल्ड पाणी आणि साबणाचा थेंब, तेही पटकन. लाकूडकामाचा पांढरा गोंद ओतून साल काढायची युक्ती इंटरनेटवर फिरते, ती एलपीवर जमते म्हणतात, पण ७८वर करू नका.

मूळ कव्हरमधली कागदी पिशवी कुबट झाली असेल तर फेकून पॉलिथिनची साधी पिशवी घाला. ते जाड, चकचकीत, मऊ प्लास्टिकचं वेष्टण (पीव्हीसीचं) मात्र काढून टाका. ते आपल्या उष्णतेत चिकट होतं आणि रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतं, तो जन्मात जात नाही. डांबरगोळ्या ठेवू नका. सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळूनही ठेवू नका, आतली ओल आतच राहते.

---

दोन खोल्या

तांत्रिक सल्ले छान आहेत, पण एक बाजू कुणीच लिहीत नाही म्हणून लिहिते.

आमच्या सासऱ्यांकडे असाच संग्रह आहे, म्हापशाला. घरी पाहुणे आले की ते एक रेकॉर्ड काढतात, कव्हर दाखवतात, किस्सा सांगतात. पण चवथीच्या आधी ती कपाटं रिकामी करून पुसतं कोण? वाळवी लागली तेव्हा कव्हरं एकेक करून उन्हात कोणी मांडली? सासूबाईंनी आणि मी. त्यातली कुठली रेकॉर्ड लावायची हे मात्र आम्हाला कधी कुणी विचारलं नाही. सासूबाईंना गाणं येतं, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं.

@अंत्रुजकर, तुमच्या काकांचं वेगळं, ते एकटे होते. पण आता त्या रेकॉर्ड्स ताळगावला येणार म्हणजे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कपाट उघडायचं, सिलिका जेल तापवून परत भरायचं, हे काम येणार. ते कोण करणार ते आधी ठरवा. ज्याचं नाव निघेल त्यालाच निवडीचा हक्क द्या. मग बघा, नऊशेच्या दोनशे होतात की नाही.

---

काळी तबकडी

+१. आणि हा निवडीचा निकष मला आजवर ऐकलेल्यांत सगळ्यात प्रामाणिक वाटला.

---

बिटरेट

माफ करा, पण यातलं नव्वद टक्के ऑनलाइन फुकट ऐकायला मिळतं. उरलेलं रेकॉर्ड करून हार्डडिस्कवर टाका आणि जागा मोकळी करा. खरखर ऐकण्यात कसली मजा? वस्तू जपण्याचा हा सोस मला तरी कळत नाही.

---

मडगावचो

@बिटरेट, 'नव्वद टक्के मिळतं' हे हिंदी एलपींबद्दल खरं आहे. अंत्रुजकरांच्या तिसऱ्या ढिगाबद्दल मुळीच नाही.

कोंकणी ४५ आणि ईपी (जास्त गाणी मावणाऱ्या लहान रेकॉर्ड्स) म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोंयकार भरलेले होते: व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, वाद्यमेळाची मांडणी, सगळीकडे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आता लोकांना माहीत आहेत. तीच माणसं दुसरीकडे कोंकणी गाण्यांसाठी वाजवायची. क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या कोंकणी रेकॉर्ड्स ऐकल्या की कळतं, तो जॅझ बँड कुठल्याही मोठ्या शहरात उभा राहिला असता. आल्फ्रेड रोझ, एम. बॉयर, तियात्रातली (कोंकणी नाटकांतली) कांताराँ म्हणजे गाणी, हे सगळं लहान रेकॉर्ड्सवर निघालं. प्रती थोड्या. घरोघरी, लग्नात, फेस्ताला वाजवून वाजवून त्या झिजल्या. लॉर्नाची गाजलेली गाणी आज मिळतील, पण त्याच रेकॉर्डची मागची बाजू? किंवा ज्या गायकाने एकच रेकॉर्ड काढली तो?

तुमच्या काकांनी हिंदू घरात, अंत्रुज महालात (फोंड्याच्या भागात) बसून मडगावहून कोंकणी रेकॉर्ड्स आणल्या आणि त्या फारशा वाजवल्या नसतील, तर त्या चांगल्या स्थितीत असण्याची शक्यता आहे. माझ्या मते आख्खा तिसरा ढीग ठेवा. एकही सोडू नका.

---

अंत्रुजकर

@मडगावचो, देव बरें करूं. वहीत पाहिलं. कोंकणी रेकॉर्ड्ससमोर काकांनी एक अक्षर लिहिलंय, 'ब'. 'बरी' असावं. हिंदीसमोर असं काही नाही.

---

काळी तबकडी

आता व्यापाऱ्याबद्दल.

'सरसकट लॉट' हा शब्द ऐकला की थांबा. व्यापारी वाईट असतो असं नाही, त्याचंही पोट आहे. पण त्याचा भाव पाचशे सामान्य एलपींवर ठरतो आणि त्याचा नफा त्या ढिगातल्या आठ-दहा रेकॉर्ड्सवर. त्या आठ-दहा कुठल्या हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं. म्हणून यादी आधी, माणूस नंतर.

यादी करताना नुसतं गाणं-गायक लिहू नका. लेबलवरचा क्रमांक लिहा. एचएमव्हीच्या ७८वर एन किंवा पी अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. शिवाय गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा राहतो त्यात कोरलेला एक क्रमांक असतो, तो तिरप्या प्रकाशात दिसतो. तोच रेकॉर्डचा खरा जन्मदाखला. लेबलं छापताना चुका व्हायच्या, कोरलेल्या क्रमांकात क्वचित.

काय दुर्मीळ याबद्दल लोकांचे अंदाज बहुतेक उलटे असतात. ज्या हिंदी सिनेमाची एलपी प्रत्येकाला हवी होती ती प्रत्येकाने घेतली, म्हणजे दमदमच्या कारखान्यात ती ढिगाने निघाली. भावनिक किंमत मोठी, बाजाराची बेताची. उलट जी तेव्हा कुणी घेतली नाही ती आज मिळत नाही. एक मजेशीर उदाहरण देतो. विलायतेत आणि अमेरिकेत ७८ बनणं १९६०च्या सुमारास थांबलं. आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन खेड्यापाड्यांत चालू होते, म्हणून इथे ७८ त्यानंतरही दहाएक वर्षं निघत राहिल्या. त्यामुळे बीटल्सची गाणी लाखेच्या ७८वर छापली गेली ती भारतात, पार्लोफोन लेबलवर. जगभरचे संग्राहक त्यामागे आहेत. अंत्रुजकर, तुमच्या काकांना बीटल्स आवडले असतील असं वाटत नाही, तरी ढीग उलटताना पार्लोफोनवर लक्ष असू द्या!

कव्हरची स्थिती आणि रेकॉर्डची स्थिती वेगवेगळी नोंदवा. वाळवीने कव्हर खाल्लं म्हणजे रेकॉर्ड गेली असं नाही.

---

अंत्रुजकर

बीटल्स नाहीत. पण एका खोक्यात यीस्ट पावडरची जाहिरात असलेली एक लवचीक, कागदासारखी पातळ रेकॉर्ड सापडली. हे काय?

---

सुईदोरा

जाहिरातीसाठी मासिकांबरोबर, मालाबरोबर पातळ प्लास्टिकच्या रेकॉर्ड्स वाटायचे. ठेवा. पाव किलो नाही, पाच ग्रॅम आहे, जागा खात नाही.

---

कुर्डीकर

लिहावं की नाही असं वाटत होतं, पण पहिल्या ढिगाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून.

आमचं मूळ गाव सांग्यातलं कुर्डी. साळावलीच्या धरणात गेलं. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. आता मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाजवळची जमीन उघडी पडते, लोक जातात, पूजा होते. गाव उठलं तेव्हा वाडे-वालकिणीला प्रत्येक घराने काय नेलं याच्या कथा आहेत. आमच्या आजोबांनी दारं-खिडक्यांच्या चौकटी काढून नेल्या आणि एका बैलगाडीत भाताच्या पेंढ्यात खोचून रेकॉर्ड्स नेल्या. त्यात माईंच्या, म्हणजे मोगूबाईंच्या, होत्या. नव्या घरात पहिली कितीतरी वर्षं वीज नीट नव्हती, तरी चावीचा ग्रामोफोन चालला.

गोव्याच्या गाणाऱ्या बायकांची ही पिढी बघा: केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, बांदोड्याच्या ज्योत्स्ना भोळे. देवळाच्या चौकातून, नाटकातून, मैफलीतून आलेलं गाणं दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचं. आलाप कुठे तोडायचा, तान कुठे फेकायची हे त्या मिनिटांच्या मापाने ठरलं. ज्यांची मैफल आपण ऐकली नाही त्यांचं एवढंच हातात आहे.

केसरबाईंबद्दल लोक नेहमी नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानाचं सांगतात, बरोबरच आहे. १९७७मध्ये दोन्ही यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली तिच्यावर भारतातलं एकच गाणं आहे, त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी, साडेतीन मिनिटांची. त्यातलं मागून सुटलेलं यान सप्टेंबरच्या ५ तारखेला उडालं आणि १६ तारखेला बाई गेल्या. पण मला त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की केरीपासून तासाभराच्या अंतरावर कुणाच्या तरी माळ्यावर त्यांची ७८ असेल आणि तिचं लेबलही कुणी वाचलेलं नसेल.

---

बिटरेट

@कुर्डीकर, हे वाचून माझा सूर थोडा खाली आणतो. पण मग ऐकण्याजोगी प्रत करून ठेवणं हे जास्तच गरजेचं नाही का? तबकडी फुटली की संपलं.

---

सुईदोरा

यावर वाद नाही. प्रत कराच. पण 'रेकॉर्ड करून टाका आणि जागा मोकळी करा' एवढं सोपं नाही.

एक: वेळ. पाचशे एलपी, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे नुसतं वाजवायलाच तीनशे तासांच्या वर. धुणं, नावं देणं वेगळं. म्हणजे इथेही निवड आलीच.

दोन: सुई. ७८ची रेघ रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. स्टिरिओ एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास. एलपीच्या सुईने ७८ वाजवली की ती रेघेच्या तळाशी, कचऱ्यातून घसरत जाते, आणि मग लोक म्हणतात ७८ म्हणजे खरखर. योग्य सुई लावून ऐका, निम्मी खरखर तिथेच जाते. उलट जुन्या मोनो यंत्राच्या ताठ सुईने स्टिरिओ एलपी वाजवली तर रेकॉर्डचंच नुकसान. तो मुका पेटीप्लेअर दुरुस्त करा, शोभेला ठेवा, पण चांगली एलपी त्यावर नको. आज बाजारात मिळणारे स्वस्त सूटकेसवाले नवे प्लेअरही याच जातीचे, त्यांच्या सुईचा भार जास्त असतो.

तीन: वेग. ७८ नाव असलं तरी सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या रेकॉर्ड्स नेमक्या ७८ने फिरवून घेतलेल्या नाहीत. वेग चुकला की गायिकेची पट्टी चढते किंवा उतरते. घरात पेटी वाजवणारं कुणी असेल त्याला शेजारी बसवा.

प्रत करताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, साधी वेव्ह फाइल. मिनिटाला साधारण ३५ एमबी होतात. तीनशे ७८च्या दोन्ही बाजू मिळून साठेक जीबी. आजकाल एवढं पेनड्राइव्हवर मावतं. खरखर काढलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका. आज वापरतो ते सफाईचं सॉफ्टवेअर उद्या भोंगळ वाटेल.

---

वकीलबाई

प्रत करून नेटवर चढवायचा मोह होणार, म्हणून सांगून ठेवते. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे २०२५ उजाडलं तेव्हा १९६४पर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणं त्यातून सुटली. मात्र गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा असतो, तो त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. पारंपरिक बंदिशीचा प्रश्न येत नाही, भावगीताचा येतो. स्वतःच्या घरी ऐकायला प्रत ठेवण्याने कुणी दारात येणार नाही.

---

पेडणेकर

मी सगळ्या संस्थेला देऊन टाका असं म्हणणार होतो, पण अनुभव लिहितो. वडिलांच्या रेकॉर्ड्स आम्ही एका संस्थेला दिल्या. हार घालून फोटो काढला. काही वर्षांनी गेलो तर खोकी जिन्याखाली, वरून पाण्याची टाकी. तिथल्या माणसाची चूक म्हणत नाही, त्याच्याकडे ना यंत्र होतं ना हुकूम.

द्यायच्या असतील तर हे तीन प्रश्न विचारा: तुमच्याकडे वाजवायचं यंत्र आहे का, यादी कोण करणार, आणि बाहेरच्या माणसाला ऐकायला मिळेल का. तिन्हींना 'बघू' असं उत्तर आलं तर घरी न्या. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, कला अकादमीला विचारून पाहायला हरकत नाही, पण हे प्रश्न तिथेही विचारा. आणि मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९०पासून आहे, तिथली मंडळी लेबलवरून बरंच सांगू शकतात.

---

दोन खोल्या

आणि लेखी घ्या. हार नको, पावती घ्या.

---

अंत्रुजकर

सगळ्यांचे आभार. दोन रविवार माळ्यावर गेले, आता जे ठरलं ते सांगतो.

सौ.ला 'दोन खोल्या' यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, पावसाळ्यात कपाट मी उघडणार नाही, पण नाट्यपदांच्या ७८ कुठल्या राहतील ते मी सांगणार. मी म्हटलं नियम असा नव्हता. तर आता कपाट माझ्याकडे, निवड दोघांची.

कोंकणी ढीग पूर्ण राहणार. ७८पैकी गोव्याच्या गाणाऱ्यांच्या आणि 'यंग इंडिया'च्या सगळ्या राहणार, बाकीच्यांत वाजवून पाहून ठरवू. लिस्बनच्या रेकॉर्ड्स पणजीत पोर्तुगीज जाणणाऱ्या एका शेजारी बाईंना दाखवल्या. १९५५ नंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि मुंबईचा माल येणं अवघड झालं तेव्हा काकांनी त्या घेतल्या असाव्यात, तारखा तशा जुळतात. बाईंनी दोन मागितल्या, दिल्या. उरलेल्या ठेवतोय.

हिंदी एलपी मात्र सोडतोय. शंभरेक सोडून. मोठ्या भावाला वाईट वाटलं. त्याच्या तरुणपणची गाणी त्यात. त्याला म्हटलं तुला हव्या त्या उचल. त्याने सात उचलल्या आणि घरी रेकॉर्डप्लेअर नाही हे त्याला मग आठवलं. व्यापाऱ्याला यादी पाठवली, क्रमांकांसकट. त्याचा पहिला भाव आणि यादी पाहिल्यानंतरचा भाव यात चांगलाच फरक पडला. @काळी तबकडी, तुम्हाला एक फेणी लागू.

कपाटाची जागा हॉलच्या आतल्या भिंतीला, पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मार असतो म्हणून. जमिनीपासून वीतभर वर, मागे चार बोटं मोकळी. सुतार म्हणाला एवढी जाड फळी कशाला, पुस्तकं तर ठेवायचीत. त्याला खोकं उचलायला लावलं, मग गप्प बसला.

एक अडचण राहिली आहे. तेवीस ७८च्या तबकड्यांची लेबलं कसरीने पूर्ण खाल्लीत. कोरलेले क्रमांक दिसतात, गायक कळत नाही. त्यातल्या एकीवर बाईचा आवाज आहे, नाट्यपद आहे, शेवटी काहीतरी बोलल्यासारखं वाटतं.

---

काळी तबकडी

फेणी काजूची. नारळाची नको.

शेवटी बोलतात ते नाव असू शकतं. सुरुवातीच्या काळात गाणारे शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने तसं इंग्रजीत सांगितलेलं प्रसिद्ध आहे. तेव्हा छपाई जर्मनीत हॅनोव्हरला व्हायची, तिथल्या कामगारांना कुणाची तबकडी ते कळावं म्हणून, असं सांगतात. तुमचीत तसं असेल तर रेकॉर्ड बरीच जुनी. क्रमांक इथे टाका, आणि तो शेवटचा भाग रेकॉर्ड करून टाका.

---

कुर्डीकर

मला पण ऐकवा. नाट्यपद कुठलं आहे?

---

अंत्रुजकर

अस्ताई कळते, अंतऱ्याच्या जागी चरा आहे, सुई तिथे अडकते. सुईदोरांनी ७८ची सुई पाठवलीय, ती आली की परत लावतो. तोवर ज्यांना लेबलं वाचायला मदत करायचीय त्यांनी रविवारी सकाळी या. माळ्यावर वीज तोडलेली आहे, टॉर्च आणा. जेवण आमच्याकडे, मानकुराद आंबे अजून आहेत.

---

दुपारची झोप

मी येतो. १ वाजेपर्यंत.